आपण होऊन बाहेर

"हा हात कुणाचा?" संस्थेच्या वकिलांनी विचारलं.

आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. कापडाच्या मागावर सुताच्या कांड्या भरून भरून तिची नजर तेव्हाच अधू झाली होती. "माझाच हाय की," ती म्हणाली.

"आणि हा दुसरा?"

"त्योबी माझाच."

"हातांमध्ये काय आहे?"

"माझ्या लेकीचं डोकं."

"म्हणजे तुम्ही तिचं डोकं जमिनीवरून उचलून मांडीवर घेतलंत."

आई बुचकळ्यात पडली. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच तिला कळेना. "मग काय मातीत ठेवू व्हय साहेब? पोरगी पडलीया, आन् मी लांबनं बघत बसू?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकीलही हसले. माणूस मोठा गोड होता. आवाज चढवणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"सावकाश उचललंत की झटकन?"

"पळत आलेलं माणूस सावकाश कसं उचलंल?"

"बरोबर आहे. आता एकच सांगा मावशी. मानेला मार लागलेल्या माणसाची मान हलवायची नसते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई."

"हलवली तर माणूस कायमचा लुळा पडू शकतो, हे?"

आईनं फोटो खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडेला, पंख्याखाली, चाकाच्या खुर्चीत होते. मानेखाली माझं म्हणावं असं फारसं काही उरलेलं नव्हतं. दंड हलायचे, मनगटं जेमतेम वळायची. तिची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिथून हलेचना.

"एवढंच विचारायचं होतं," वकील म्हणाले. "बसा मावशी. पाणी द्या यांना."

आमचे मगदूम वकील उठून बरंच काही बोलले. कशाचाही उपयोग झाला नाही. दावा कुणावर होता? संस्थेवर, आमच्या कबड्डीच्या खोचरे सरांवर आणि संघाच्या फिजिओ अवटी मॅडमवर. त्या दिवशी कोर्टातून गुन्हेगार होऊन बाहेर पडली ती माझी आई.

घरी आल्यावर तिनं चहा केला, मला पाजला आणि रोजच्यासारखी कंगवा घेऊन माझ्या मागं बसली. माझे केस दाट. दवाखान्यात सगळे म्हणायचे, कापून टाका, सोपं पडेल. आई ऐकायची नाही. पोरीचं सगळं गेलं, केस तरी राहू देत, म्हणायची. रोज संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन ती माझी वेणी घालायची. कपाळावर एक हात टेकवून, डोकं सांभाळून. मानेखालचं मला काही कळत नसल्यानं आईचा हात म्हणून जो काही मला लागायचा, तो एवढाच.

त्या दिवशी हात आला नाही. मी वाट पाहिली. मग कंगवा फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"द्वारकाऽ," आईनं शेजारच्या मावशींना हाक मारली, "जरा हिची येनी घालतीस का गं? माझ्या हातानं नको."

ते तीन शब्द मला पुढं रोज ऐकावे लागले. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं ती करायची, पण मानेच्या वर तिचा हात येईना. उशी सरकवायची झाली तरी द्वारकामावशींना हाक. द्वारकामावशी वेणी घालायच्या ती सुतळी वळल्यासारखी, आणि वर कोर्टाच्या चौकशा करायच्या.

आई होती तोवर हे कुणाला सांगता येत नव्हतं. आता ती नाही, म्हणून सांगते.

त्या दिवशी मैदानावर काय झालं ते मला पक्कं माहीत आहे. आंतरमहाविद्यालयीन सामने आमच्याच कॉलेजात, इचलकरंजीत होते. मी डाव्या कोपऱ्यावर. जयसिंगपूरची उंच मुलगी चढाईला आली, तिनं बोनससाठी पाय टाकला आणि मी घोटा धरला. पकड झकास बसली होती. ती माझ्या अंगावरून कोलमडली आणि तिच्यावर आमच्याच तिघी येऊन पडल्या. माझी हनुवटी छातीत रुतली, मानेतून वीज गेल्यासारखं झालं. ढीग उठला तेव्हा मी उताणी पडलेली होते आणि मान विलक्षण दुखत होती. पण पाय होते. बोटांना माती लागत होती. मी पायाचा अंगठा मातीत रुतवून पाहिला, तो रुतला. जयसिंगपूरची मुलगी वाकून म्हणाली, "बरी आहेस न्हवं?" मी म्हटलं, "पाय हलतोय."

अवटी मॅडम हद्दीवरूनच ओरडत आल्या, "हलवू नका! मान हलवू नका कुणी!"

त्यांच्या आधी सर पोचले. खोचरे सर तालमीतले. लचकलेली मान बसवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, निदान त्यांचा तसा समज होता. कॉलेजातली निम्मी मुलं त्यांच्याकडून मान मोडून घ्यायची आणि 'मोकळं वाटलं सर' म्हणून जायची.

"काही झालेलं नाही. मान लचकलीय," सर म्हणाले.

"सर, नको. मी बघते," मॅडम गुडघ्यावर बसत म्हणाल्या. "स्ट्रेचर मागवूया."

"बाई, तुम्ही बाजूला व्हा. पाच गुणांनी मागं आहोत आपण. आणि पोरींनो, मागं सरा, हवा येऊ द्या हिला."

पोरी मागं सरल्या. मॅडमही सरल्या. सरांनी मला खांद्याला धरून बसतं केलं, मागून उजवा तळवा हनुवटीखाली लावला, डावा डोक्याच्या मागं. "ढिली सोड," म्हणाले. मी सोडली. त्यांनी झटका दिला. कट्ट असा आवाज झाला, आणि माझे पाय गेले. दुखत दुखत नाही गेले, दिवा जातो तसे गेले. सरांनी बगलेत हात घालून मला उभं करायला पाहिलं, तर कमरेखालचं सगळं घसरलं. तेव्हा त्यांनी मला परत मातीत निजवलं आणि चेहरा पुसत उभे राहिले.

त्यानंतर आई आली. मागाच्या कारखान्यातून रजा टाकून माझा सामना बघायला पहिल्यांदाच आलेली. ती प्रेक्षकांतून धावत आली, मातीत बसली आणि माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. वार्ताहरानं नेमका तेव्हा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला, खाली मथळा होता 'मातेच्या मांडीवर'. लोकांनी घरी येऊन डोळे पुसले होते तो फोटो पाहून. त्याआधीचा एकही फोटो नव्हता. मोबाइल होते लोकांकडे, पण उठसूट चित्रण करायची खोड अजून लागली नव्हती.

संघातल्या मुली कोर्टात म्हणाल्या, आम्ही पाणी पीत होतो, आम्हाला दिसलं नाही. त्यांचं काय चुकलं? विद्यापीठ संघाची नावं सर पाठवायचे. आमची कप्तान तर सरांच्याच शिफारशीवर पोलिसात लागली होती. जयसिंगपूरची ती मुलगी लग्न होऊन कुठं गेली, मगदूमांना सापडली नाही.

अवटी मॅडम दाव्याच्या आधी एकदा घरी आल्या होत्या. आई कामावर होती. पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "मी ओरडले होते, संयोगिता. तू ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"तुला माहीत आहे ना, की मी सांगितलं होतं?"

"आहे."

त्यांना केवढं हायसं वाटलं! माझ्याकडून तेवढं वदवून घ्यायलाच आल्या होत्या. कोर्टात मात्र त्यांनी सांगितलं, मी पोचले तेव्हा मुलीचं डोकं आईच्या मांडीवर होतं. मगदूमांनी मला त्यातली मेख समजावून दिली. "तिथं होते म्हटलं तर थांबवलं का नाही, असा प्रश्न येतो. नव्हतेच म्हटलं की प्रश्नच मिटला. खोचरे सरही तेच सांगतात. आता दोघांचं एकमेकांशी जुळलं."

"आणि मी सांगितलं त्याचं काय?"

"तू पक्षकार. तुझ्या डोक्याला मार. शुद्ध होती की नव्हती, कुणी सांगायचं?"

आईलाही मी सांगून थकले होते. "आई, तू यायच्या आधीच पाय गेले होते. सरांनी मान ओढली. तुझ्या हातानं काही झालेलं नाही." ती ऐकून घ्यायची, पदरानं डोळे टिपायची आणि म्हणायची, "तू तसंच म्हननार. लेकरू हाईस माझं." जितकं सांगावं तितकी तिची खात्री होत जायची की पोरगी आपल्याला वाचवायला खोटं बोलतेय. मग एक दिवस मी सांगणंच सोडलं. माझ्याकडून तिला ते पटणार नव्हतं. पटलं असतं ते एकाच माणसाकडून.

आणि तो माणूस सांगेल असं मला वाटत होतं. हसू नका. का वाटत होतं तेही सांगते.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात लागला की गडी बाद होतो. पण धुरळ्यात, झटापटीत पुसटसा लागलेला हात पंचाला दिसतोच असं नाही. सरांचा नियम होता : पंचाला दिसो ना दिसो, टच लागला की आपण होऊन बाहेर. एकदा कोल्हापुरात अटीतटीच्या सामन्यात माझ्या बाहीला बोट लागलं. पंचानं काही दिलं नाही. मी तशीच उभी राहिले. सरांनी टाइम-आउट घेतला, सगळ्यांदेखत मला विचारलं, "लागलं?" मी मान खाली घातली. "मग बाहेर." आम्ही तो सामना हरलो. परतताना गाडीत ते माझ्या शेजारी येऊन बसले, स्वतःचा डबा उघडून माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "हरलीस त्याचं काही नाही. आतून कुजली नाहीस." त्या पोळीभाजीची चव अजून जिभेवर आहे. अशा माणसाला कोर्टात वकिलांनी घेरलंय, नोकरीची भीती आहे, म्हणून तो बोलत नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. पंच, शिट्टी, कागद सगळं बाजूला केलं, तर सर आपण होऊन बाहेर येतील.

मी मगदूमांना म्हटलं, "दावा मागं घेऊ. संस्थेवरचा, सरांवरचा, मॅडमवरचा, सगळा. एकच अट. सरांनी घरी येऊन आईला खरं सांगायचं. कोर्टात नको, लिहून नको. नुसतं तोंडानं."

मगदूम खुर्चीतून अर्धे उठले. "वेडी आहेस का? उद्या आई थकली की तुझं कोण करणार? दावा डळमळलाय, पण मेलेला नाही."

"आई आत्ताच माझ्या डोक्याला हात लावत नाही."

ते परत खुर्चीत टेकले. नंतर म्हणाले, "मग आधी त्याला सांगू दे. त्यानंतर अर्ज देऊ."

पण ते सरांच्या वकिलांना मान्य नव्हतं. आधी सांगितलं तर तो कबुलीजबाब होतो, आधी अर्ज द्या, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सरांनीच फोन केला. द्वारकामावशींनी तो माझ्या कानाला धरला.

"संयोगिता, मी येतो," सर म्हणाले. तोच आवाज. "शब्द देतो. पण आधी दावा निघू दे. नाहीतर हे लोक मला येऊ देणार नाहीत."

"सर, टच लागला होता."

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

यापुढं मला आणखी काय हवं होतं? मगदूमांनी मोठ्या नाखुशीनं अर्ज केला. पुन्हा दावा करण्याची मुभा न ठेवता, असं त्यात होतं. ती ओळ त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली, परत एकदा वाचली. माझा अंगठा धरून त्यांनीच शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. आईला मी म्हटलं, दावा मागं घेतला. ती म्हणाली, "ब्येस केलंस. माझ्या चुकीपायी त्या मान्साला कशाला छळायचं?" मी मनात म्हटलं, थांब जरा, आता कळेल तुला.

न्यायाधीशांचा हुकूम झाला आणि त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, सर आले. शब्दाला जागले म्हणून माझा ऊर भरून आला. पांढरा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. आईची धांदल उडाली. तिनं कपाटातून न वापरलेली कपबशी काढली, खुर्ची पदरानं पुसली. मी आदल्या रात्रीपासून एकच प्रसंग डोळ्यांपुढं आणत होते. सर सांगतील. आई आधी रडेल, मग चिडेल, कदाचित त्यांना घराबाहेर काढेल. आणि मग कंगवा घेऊन माझ्या मागं येऊन बसेल.

सरांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"सर," मी म्हटलं, "आई इथंच आहे."

"हो." त्यांनी घसा साफ केला. "शालनताई, बरेच दिवस बोलायचं होतं. त्या दिवशी मैदानावर जे झालं..."

आई पदर सावरून जमिनीवर बसली होती. तिनं मान खाली घातली.

"...ते तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका. आई आहात तुम्ही. आईचा जीव राहतो का? तुमच्या हातून झालं ते नकळत झालं. माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही, संस्थेच्याही मनात नाही. आम्ही सगळ्यांनी तुम्हाला माफ केलंय. हेच सांगायला आलो."

आईनं हंबरडा फोडला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. ती तशीच पुढं सरकली आणि तिनं सरांच्या पायांवर डोकं टेकवलं. सरांनी पाय मागं घेतले नाहीत. वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच उजवा तळवा.

"सर," मी ओरडले. "सर, टच लागला होता! तुम्ही फोनवर म्हणालात!"

सर उठले. माझ्या पलंगापाशी येऊन त्यांनी चादर नीट केली. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. सराव संपल्यावर मैदानातून जातानाचा चेहरा होता तो.

"सामना संपला गं आता," ते हळूच म्हणाले. "सफरचंद खा. अंगात ताकद येईल."

ते गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. तोंड तेवढं माझं शाबूत होतं. "आई, तो खोटारडा आहे! त्यानं मोडली माझी मान! तू त्याच्या पायावर डोकं ठेवलंस!" घसा बसेपर्यंत ओरडले. आई शांतपणे कपबशी विसळत होती. तिच्या चेहऱ्यावरचा कोर्टापासूनचा काळवंडलेपणा गेला होता.

"असं बोलू न्हाई बाय," ती म्हणाली. "येवढा मोठा मानूस आपल्या दारात आला. आपली चूक पोटात घातली. कोन करतंय एवढं?"

संध्याकाळी द्वारकामावशी नेहमीप्रमाणे दारात आल्या. आई म्हणाली, "जा तू. आज मी घालते."

ती माझ्या मागं बसली. कपाळावर तिचा हात आला. सुताच्या धाग्यांनी चिरा पडलेला, खरखरीत, साबणाचा वास येणारा. मी डोळे मिटून घेतले. तिनं सावकाश गुंता काढला, तेल लावलं, केसांचे तीन पेड केले.

"सर देवमानूस हाईत," ती म्हणाली. "न्हवं गं?"

तिची बोटं थांबली. अर्धी वेणी तिच्या हातात होती, आणि ती उत्तराची वाट पाहत होती. नाही म्हटलं असतं, तर ते हात परत आपल्या जागी गेले असते आणि पुन्हा कधी आले नसते, हे मला त्या घटकेला लख्ख कळलं.

"व्हय आई," मी म्हणाले. "देवमाणूस आहेत."

आईनं उरलेली वेणी चापून घातली आणि टोकाला लाल रिबन बांधली.